धुराचा दर कोण भरणार? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका उत्तरात लिहिलं होतं की कार्बनला, म्हणजे कोळसा-तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडला, दर लावला म्हणून बाजार बंद पडत नाही, उलट बिलात राहून गेलेली एक रक्कम त्यात येते. त्यावर खूप पत्रं आली, काही चिडलेली, काही अगदी अभ्यास करून लिहिलेली. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. मत माझं आहे ते माझं म्हणूनच सांगेन.

प्रश्न : ताई, तुमचा मुद्दा मला पटला नाही. मोकळ्या बाजारात किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते. सरकारने कार्बन टॅक्स लावला की ती किंमत सरकारने ठरवलेली झाली, मग बाजार मोकळा कुठे राहिला? तेल महाग झालं की लोक आपणहून दुसरा पर्याय शोधतात, टेक्नॉलॉजी सुधारते. सरकारने यात हात कशाला घालायचा?

दादा, तुमचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. किंमत ही बातमी असते, कुठे टंचाई आहे, कुठे माल पडून आहे, हे लाखो लोकांना एका आकड्यात कळतं आणि कोणी हुकूम न देता सगळे आपापलं वागणं बदलतात. हे काम कुठलंही मंत्रालय बाजाराइतकं चांगलं करू शकत नाही. पण ती बातमी पूर्ण तर हवी ना? कोळसा जाळणारा खाणवाल्याला पैसे देतो, रेल्वेला देतो, कामगाराला देतो, बॉयलर बनवणाऱ्याला देतो, फक्त ज्याच्या वाट्याला तो धूर आणि त्यामुळे वाढलेली उष्णता येते त्याला काहीच देत नाही. म्हणजे खर्च झालेला असतो, फक्त तो भरणारा माणूस दुसराच असतो. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच हे मांडलं होतं की असा दुसऱ्याच्या अंगावर पडणारा खर्च करणाऱ्याच्या हिशोबात आणायला हवा, त्यासाठी टॅक्स लावा.

मोकळ्या बाजाराची बाजू घेणारे लोक यावर अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. कोस यांनी १९६० मध्ये म्हटलं की हक्क कोणाचा आहे हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला खर्च येत नसेल तर दोन्ही बाजू आपसात सौदा करून मार्ग काढतील, टॅक्सची गरजच नाही. शेजारी-शेजारी दोन जण असतील तर हे जमतंही. पण हवेच्या बाबतीत एका बाजूला कारखान्यांच्या हजारो चिमण्या आणि कोट्यवधी गाड्या, दुसऱ्या बाजूला आठ अब्ज माणसं आणि जी अजून जन्मलीच नाहीत ती वेगळी, त्यांनी बोलणी करायची कुठे बसून? तेव्हा हक्क आखून द्यायला कोणीतरी लागतं. तेवढं काम सरकारचं, त्यानंतरचा सौदा बाजाराचा.

हे नुसतं पुस्तकी नाही, झालेलं आहे. अमेरिकेत आम्ल पावसाचा प्रश्न होता, वीज केंद्रातल्या कोळशातलं गंधक त्याला कारण. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्या काळात कायदा झाला, त्यात प्रत्येक केंद्राला अमुक यंत्र बसवा असं सांगितलं नाही. देशभरात एकूण इतके टनच सल्फर डायऑक्साइड (गंधकाचा वायू) सोडता येईल अशी मर्यादा घातली, तेवढे परवाने काढले, चिमणीत मोजणारी उपकरणं बसवली आणि परवान्याबाहेर एक टन जरी गेला तरी २००० डॉलर दंड ठेवला. १९९५ पासून हे सुरू झालं. आता एखाद्या केंद्राचा मॅनेजर डोळ्यासमोर आणा. त्याच्यापुढे तीन रस्ते आहेत, चिमणीला गंधक धुणारा स्क्रबर बसवायचा, कमी गंधकाचा कोळसा मागवायचा, नाहीतर ज्याच्याकडे परवाने उरलेत त्याच्याकडून विकत घ्यायचे. त्यातलं त्याला काय स्वस्त पडतं हे वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला कधीच कळलं नसतं, ते त्या मॅनेजरलाच माहिती. बऱ्याच जणांनी वायोमिंगमधला कमी गंधकाचा कोळसा मागवला, आणि तो परवडला याचं एक मोठं कारण म्हणजे १९८० मध्ये अमेरिकेतल्या रेल्वेवरचं भाड्याचं सरकारी नियंत्रण बरंचसं उठवलं गेलं होतं, त्यामुळे लांबून कोळसा आणणं स्वस्त झालं. म्हणजे बघा, एका जागी सरकारने हात काढला, दुसऱ्या जागी मर्यादा घातली, आणि दोन्ही मिळून काम झालं. सुरुवातीला जो खर्च सांगितला जात होता त्यापेक्षा तो खूपच कमी आला. मला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण वाटतं.

आणखी एक. आजचा इंधनाचा बाजार मोकळा आहे असं धरून तुम्ही प्रश्न विचारलाय, पण तो तसा नाहीये. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबाने २०२२ मध्ये जगभरातल्या सरकारांनी कोळसा, तेल, गॅस खर्चापेक्षा स्वस्त देण्यासाठी सुमारे १.३ ट्रिलियन डॉलर घातले, आणि यात प्रदूषणाचं नुकसान धरलेलंच नाही, निव्वळ सबसिडी. सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणाऱ्या माणसाने आधी हा हात काढायला सांगावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रश्न : टॅक्स लावा, परवाने विका, काहीही करा, शेवटी पैसे गरिबाच्याच खिशातून जाणार ना? कंपनी काय, किंमत वाढवून मोकळी होते.

हो, किंमत वाढते. ती वाढत नाही असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, किंमत वाढावी हाच तर त्या टॅक्सचा उद्देश आहे, नाहीतर वागणं बदलेल कशाला. खरा प्रश्न पुढचा आहे, जमा झालेला पैसा कुठे जातो?

फ्रान्सचं बघा. तिथे इंधनावरचा कार्बन टॅक्स २०१८ मध्ये टनाला ४४.६० युरो होता आणि २०१९ च्या जानेवारीत ५५ होणार होता. त्याच २०१८ साली श्रीमंतांवरचा संपत्ती कर बराच कमी करून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला गेला. आता शहराबाहेर राहणारा, कामाला रोज गाडीनेच जावं लागणारा माणूस, ज्याच्याकडे बस नाही, ट्रेन नाही, त्याने या दोन गोष्टी एकत्र बघितल्या तर त्याला काय वाटेल? नोव्हेंबरमध्ये पिवळी जॅकेट घालून लोक चौकाचौकात उतरले, ती जॅकेट फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत ठेवावीच लागतात म्हणून सगळ्यांकडे होती. डिसेंबरमध्ये सरकारने वाढ मागे घेतली आणि तो दर पुढे कितीतरी वर्षं तिथेच अडकून राहिला. त्या लोकांना पर्यावरण नको होतं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, बिल आपल्यालाच येतंय हे त्यांना दिसत होतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये उलटं केलं. टनाला १० डॉलरपासून सुरुवात, दरवर्षी ५ ने वाढवत २०१२ मध्ये ३०, आणि जमलेला पैसा इन्कम टॅक्स कमी करून आणि कमी उत्पन्नवाल्यांना थेट देऊन परत केला. दर किती वाढणार हे आधीच जाहीर, त्यामुळे नवीन भट्टी घ्यायची की नाही, गाडी कुठली घ्यायची, हे लोकांना आधीच ठरवता आलं. धंदा करणाऱ्याला टॅक्सपेक्षा उद्या टॅक्स किती असेल हे न कळणं जास्त छळतं. स्वीडनने तर १९९१ मध्येच कार्बन टॅक्स आणला, इन्कम टॅक्स कमी करण्याच्या मोठ्या सुधारणेबरोबर आणला, पुढे तो टनाला १०० युरोच्या वर नेला, उत्सर्जन घटलं आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. (उद्योगांना बरीच वर्षं कमी दर होता हेही खरं आहे, ते लपवायचं नाही.)

पण परत दिलेला पैसा लोकांना दिसायला हवा, नाहीतर तोही उपयोगी पडत नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ पासून घराघरात रिबेट दिली, ती आधी इन्कम टॅक्सच्या हिशोबात मिळायची, पुढे थेट बँकेत जमा व्हायची, पण हे पैसे कशाचे हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नाही. पंपावर मात्र दर वेळी आकडा दिसायचा. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो दर काढून टाकला गेला, ब्रिटिश कोलंबियानेही आपला त्याच दिवशी काढला. कारखान्यांवरचा ठेवला. मला याचं वाईट वाटलं, कारण धोरण म्हणून ते बाजाराला सगळ्यात कमी धक्का लावणारं होतं.

प्रश्न : मॅडम, टॅक्सपेक्षा सबसिडी बरी नाही का? कोणाला शिक्षा नाही, सगळे खूश. सोलर स्वस्त झालं ते सबसिडीमुळेच ना?

सोलरबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. जर्मनीने २००० मध्ये कायदा करून सोलर आणि पवनऊर्जेला २० वर्षं ठरलेला दर दिला, त्यामुळे मागणी तयार झाली, मग चीनमधल्या कारखान्यांनी प्रचंड उत्पादन केलं आणि २०१० ते २०२० मध्ये सोलर पॅनलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी पडली. पहिल्यांदा महाग घेणारा कोणी नसता तर हे इतक्या लवकर झालं नसतं. नवीन गोष्ट शिकण्याचा फायदा सगळ्या जगाला होतो आणि खर्च मात्र पहिल्याला पडतो, अशा जागी सरकारी मदतीला अर्थ आहे असं माझं मत आहे.

पण सगळे खूश हे मात्र नाही हो. जर्मनीत तो जादा खर्च विजेच्या बिलात अधिभार म्हणून लावला होता, २०१७ मध्ये तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला. आणि भरपूर वीज वापरणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यातून मोठी सूट होती, म्हणजे त्यांचा वाटा कोणावर पडला तर घरगुती ग्राहकांवर आणि लहान धंद्यांवर. २०२२ च्या जुलैत तो अधिभार शून्य केला. माझा राग सबसिडीवर नाही, या सवलतींच्या याद्यांवर आहे. एकदा यादी तयार झाली की कंपनीला दोन रस्ते दिसतात, माल चांगला करायचा किंवा यादीत नाव घालायचं, आणि दुसरा रस्ता पुष्कळदा स्वस्त पडतो. बाजार बिघडतो तो इथे.

सरकारला जिंकणारा घोडा ओळखता येतो का, हा तुमच्यासारखाच आणखी एकाचा प्रश्न होता. अमेरिकेत ऊर्जा खात्याकडून सोलिंड्रा कंपनीला ५३५ दशलक्ष डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली, त्यांचं सोलर पॅनल नळीच्या आकाराचं होतं आणि त्यात सिलिकॉन लागत नव्हतं. सिलिकॉन महाग होतं तोवर कल्पना चांगली होती, मग सिलिकॉन कोसळलं आणि २०११ मध्ये कंपनी बुडाली. त्याच ऊर्जा खात्याच्या एका कर्ज योजनेतून टेस्लाला २०१० मध्ये ४६५ दशलक्ष डॉलर मिळाले आणि २०१३ मध्ये त्यांनी ते मुदतीच्या कितीतरी आधी फेडले. म्हणजे कधी बरोबर, कधी चूक, खाजगी गुंतवणूकदाराचंही तसंच असतं, फरक एवढाच की तो स्वतःचे पैसे लावतो.

सगळ्यात वाईट प्रकार मला सक्तीचा वाटतो. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात लिहून टाकलं की गवत, लाकूड, पिकांचे अवशेष यांच्यापासून बनवलेलं इथेनॉल अमुक गॅलन मिसळलंच पाहिजे. ते इंधन व्यापारी प्रमाणात तयारच होत नव्हतं. २०१० साठी कायद्यात १०० दशलक्ष गॅलन होतं, ते कापून ६.५ दशलक्ष करावं लागलं, तरीही मिळेना. तेल कंपन्यांना बाजारात नसलेली वस्तू घेतली नाही म्हणून पैसे भरावे लागत होते, शेवटी २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने २०१२ सालचा तो आकडा रद्द केला. कार्बनला नुसता दर असता तर ज्याला गवतापासून इंधन करणं जमलं असतं त्याने केलं असतं, नसतं जमलं तर दुसऱ्याने दुसरं काही केलं असतं, आकडा कायद्यात लिहायची गरजच नव्हती.

प्रश्न : कार्बन क्रेडिट म्हणजे पाप करून पुण्य विकत घेणं आहे असं मला वाटतं. तुमचं काय मत?

सरसकट तसं म्हणणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. क्रेडिट म्हणजे एकाने जेवढा धूर कमी केला त्याची दुसऱ्याला विकता येणारी पावती. फ्रीजमधला एक जुना वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू सोबत तयार होतो. त्या वेळच्या हिशोबाने त्याचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड. तो जाळून टाकणं अगदी स्वस्त, पण क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराच्या योजनेत तो जाळला की ११,७०० क्रेडिट मिळायची. झालं काय, तर योजनेत असे मोजके १९ कारखाने आणि सुरुवातीच्या क्रेडिटचा फार मोठा हिस्सा त्यांच्याकडचा. काही ठिकाणी तर मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यातच जास्त पैसे, मग कचरा कमी करायचा कशाला? युरोपने २०१३ च्या मे महिन्यापासून ही क्रेडिट घेणं बंद केलं. यात बाजाराने काही चूक केली नाही, त्याला जे विकायला ठेवलं ते त्याने अगदी हुशारीने विकलं. मोजमाप चुकीचं होतं. चिमणीतून किती गेलं हे मोजता येतं, पण "आम्ही नसतो तर किती गेलं असतं" हे मोजायचं म्हटलं की गडबड सुरू होते.

प्रश्न : आमच्या ओळखीतले एक उद्योजक म्हणतात की जिथे कार्बनला दर आहे तिथून कारखाने जिथे दर नाही तिथे जातील, नोकऱ्या जातील आणि धूर तेवढाच राहील. मग उपयोग काय?

ही भीती खरी आहे, विशेषतः सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत असल्या मालात, जिथे एनर्जीचा खर्च मोठा आणि माल सगळीकडे सारखाच. युरोपने २००५ मध्ये परवान्यांचा बाजार सुरू केला तेव्हा याच भीतीने बहुतेक परवाने फुकट वाटले. इतके वाटले की २००६ च्या एप्रिलमध्ये ३० युरोच्या आसपास असलेला परवाना २००७ मध्ये जवळजवळ शून्यावर आला. त्यातही वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्याची किंमत ग्राहकाच्या बिलात लावली आणि नफा कमावला. त्यांना दोष द्यायचा तर देता येईल, पण हातातली वस्तू बाजारात विकता येत असेल तर तिला किंमत असतेच, फुकट मिळाली म्हणून ती शून्य होत नाही. २०१३ पासून वीज कंपन्यांना बहुतेक परवाने लिलावात घ्यावे लागतात. पुढे जादाचे परवाने बाजारातून बाजूला काढायची व्यवस्था आली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दर १०० युरोच्या वर गेला. त्या वर्षापर्यंत या योजनेतल्या क्षेत्रांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं होतं.

आता युरोपची सीमेवरची आकारणी आली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून फक्त माहिती द्यायची होती, २०२६ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष आकारणी लागू झाली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सिमेंट-पोलादालाही आतल्यासारखाच कार्बनचा दर, आणि त्याबरोबर आतल्या कारखान्यांचे फुकट परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद. ज्याने आपल्या देशात आधीच दर भरलाय त्याला तेवढी वजावट मिळते. तत्त्व म्हणून मला हे बरोबर वाटतं, दोन्ही बाजूंना एकच नियम. पण त्रासही सांगते, लहान निर्यातदाराला प्रत्येक टनामागे किती कार्बन हे कागदावर सिद्ध करावं लागतं, मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट असतं, लहानाकडे एक अकाउंटंट. हा खर्च कार्बनचा नाही, कागदाचा आहे, आणि त्याने बाजारातले लहान खेळाडूच कमी होतात. त्याचा विचार गरीब देशांच्या बाबतीत तर अजून पुरेसा झालेला नाही.

तुमच्या उद्योजकांना सिमेंटच्या भट्टीबद्दल जरूर विचारा. चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के भाग हा असा, इंधनाचा नव्हे. म्हणजे भट्टी कोळशावरून विजेवर नेली तरी तो भाग राहतोच, तो कमी करायचा तर क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे, कमी वापरा, त्यात राख किंवा पोलाद कारखान्यातला स्लॅग (धातू वितळवताना उरणारा मळ) मिसळा, नाहीतर वायू पकडून जमिनीत गाडा. मिसळीचं सिमेंट बनवायला लोकांना आधीपासून येतं, काही ठिकाणी फक्त बांधकामाचे जुने नियम आडवे येतात, ज्यात सिमेंट किती मजबूत हवं यापेक्षा ते कशाचं बनलेलं हवं हे लिहिलेलं असतं. तिथे सरकारने नवीन काहीच करायला नको, जुना नियम तेवढा बदलावा.